देखरेखीविना

रुग्णालयाच्या मनोविकार विभागात त्यांना सगळे चाचणीबाई म्हणत. हे नाव कोणी पाडले ते कोणालाच आठवत नव्हते, आणि एकदा पाडल्यावर त्यांचे खरे नाव काय, हे विचारण्याची तसदीही कोणी घेतली नव्हती. जिन्याखाली पूर्वी चादरी ठेवायची एक खोली होती. तिथे त्यांचे टेबल. दोन खुर्च्या, एक पत्र्याचे कपाट, हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवरची एक खिडकी, आणि दाराच्या मुठीला अडकवायची पाटी : ‘चाचणी चालू आहे. दार ठोठावू नये.’ त्या पाटीच्या आड बाईंच्या नोकरीची सगळी वर्षे गेली. ऐन तिशीत त्या तिथे शिरल्या होत्या, आणि आता चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधण्याच्या वयाला आल्या होत्या.

चाचण्या घेणे एवढेच त्यांचे काम असते तर गोष्ट वेगळी होती. शाईचे डाग दाखवून काय दिसते ते विचारायचे, ठोकळे जुळवून घ्यायचे, आकडे उलट क्रमाने म्हणायला लावायचे आणि गुणांचा तक्ता वर पाठवून द्यायचा. परंतु वरून तक्त्याबरोबर माणूसही परत येई. डॉक्टर चिठ्ठीवर लिहीत : ‘समुपदेशन करावे.’ कोणी करावे, ते लिहीत नसत. कारण ज्याने करायचे त्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचे पद रिकामे होते. मंजूर झालेले, अर्थसंकल्पात दरवर्षी दाखवले जाणारे, आणि तरीही रिकामे. पहिल्या मजल्यावर त्या पदासाठी खोली होती, खोलीत फिरती खुर्ची होती, दारावर नावाची पाटी लावण्यासाठी खिळेसुद्धा मारून ठेवलेले होते. माणूस तेवढा नव्हता. ज्याच्याकडे लागणारी डॉक्टरेट असे तो या रुग्णालयाकडे ढुंकून पाहत नसे, आणि जो पाहत असे त्याच्याकडे डॉक्टरेट नसे. मग ते सारे रडणारे, गप्प बसलेले, हात पुन्हापुन्हा धुणारे, नवऱ्याने सोडलेले आणि आईने न सोडलेले लोक जिना उतरून चादरींच्या खोलीत येत. बाई दाराला पाटी अडकवत आणि कामाला लागत.

कौतुक कोणी केले नाही, हे समजण्यासारखे आहे. कौतुक ही सरकारी खात्यात मिळणारी वस्तू नव्हे. परंतु चूकही कोणी काढली नाही. याचा राग बाईंना पुढे आला. आधी त्यांना त्याचा अभिमान वाटत असे.

नव्या अधीक्षकांनी आल्याआल्या परिपत्रक काढले. रिक्त पद भरण्यात येईल. नव्या सत्रापासून पात्रता नसलेल्या कर्मचाऱ्यांनी उपचाराचे काम करू नये. जे क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटला येत्या सत्रात प्रवेश घेतील त्यांना ते काम शिकाऊ म्हणून चालू ठेवता येईल. इतरांनी बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदणी-खिडकीवर रुजू व्हावे. ‘इतर’ या शब्दाखाली येणारी व्यक्ती अख्ख्या रुग्णालयात एकच होती. त्यापेक्षा नाव घालायला हवे होते. निदान छापताना तरी कोणाला कळले असते की बाईंना नावही आहे.

विभागाच्या थोरल्या सिस्टर म्हणजे तिथल्या सर्वांत जुन्या परिचारिका. त्यांनी परिपत्रक वाचून दाखवले आणि चहाचा पेला बाईंच्या पुढे सरकवला.

“खिडकीवर बसाल तर बसा बाई. इथल्यापेक्षा मोठी खिडकी आहे. हवा तरी येईल.”

“सिस्टर, मस्करी नको.”

“मस्करी कुठे करतेय? रडू की काय मग? घ्या की प्रवेश. तुम्हाला काय अवघड आहे? तिथले मास्तर जे पुस्तकातून शिकवतात ते तुम्ही रोज जिन्याखाली करता.”

बाईंनाही तेच वाटत होते. ही त्यांची पहिली चूक.

विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांनी घरी आणली तेव्हा यजमान नेहमीप्रमाणे लाल पेन्सिल घेऊन बसले होते. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. जगातले कोणतेही छापील कागद चुका शोधण्यासाठीच अस्तित्वात आहेत अशी त्यांची समजूत होती, आणि ती सहसा खोटी ठरत नसे.

“अगं, हे प्रशिक्षणाच्या उद्दिष्टांचं पान ऐक. ‘विद्यार्थी संशोधक आणि चिकित्सक या दोन्ही भूमिका एकाच वेळी पेलण्यास सिद्ध व्हावा. आपल्या ज्ञानाच्या मर्यादा ओळखाव्या. आपले काम इतरांच्या परीक्षणासाठी खुले ठेवावे.’ वाक्यरचना सुबक आहे हो. शुद्धलेखनाची एक चूक नाही.”

“पुढचं वाचा. प्रवेशाच्या अटी.”

पुढचे पान तितके सुबक नव्हते. पदव्युत्तर पदवी हवी, ती बाईंकडे होती. संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती हे विषय मात्र अलीकडच्या काळात उत्तीर्ण केलेले हवेत. जुने गुण ग्राह्य नाहीत. एखादा शोधनिबंध असल्यास प्राधान्य. प्रत्यक्ष काम पाहिलेल्या दोन वरिष्ठांची शिफारसपत्रे. डॉक्टरेटधारक मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली केलेल्या कामाचा अनुभव. शिवाय रुग्णाच्या लेखी संमतीने केलेले एका मुलाखतीचे ध्वनिमुद्रण, आणि सोबत त्या मुलाखतीचे अर्जदाराने स्वतः केलेले टीकात्मक परीक्षण. ते सर्व पार पडले की तोंडी मुलाखत.

“ध्वनिमुद्रण?” बाई कडाडल्या. “रुग्ण माझ्यासमोर जीव उघडा करून बसतो. तिथे मी यंत्र लावून ठेवू? यांना लाज कशी वाटत नाही?”

“माझ्यावर का ओरडतेस? मी फक्त विरामचिन्हं बघतो.”

“आणि पदवी शिळी झाली म्हणे! माझी पदवी म्हणजे दूध आहे का?”

“तसं बघायला गेलं तर,” यजमान पेन्सिल कानावर अडकवत म्हणाले, “संख्याशास्त्र तुझं तेव्हाही नासकंच होतं.”

बाईंनी पुस्तिका मिटून टाकली. परंतु बाईंनी अर्ज भरला. संख्याशास्त्राच्या वर्गात नावही घातले. रोज कामावरून सुटल्यावर त्या आपल्या लेकीच्या वयाच्या मुलांमध्ये पहिल्या बाकावर बसत, आणि शिकवणारा तरुण “हे तर तुम्हाला शाळेत झालंच असेल” असे म्हणाला की दात आवळून फळ्याकडे पाहत. शाळेत झाले होते. ते कोठे गेले, याचे उत्तर संख्याशास्त्राकडे नव्हते. तरी त्यांनी हट्टाने सारे पुन्हा घोटले, आणि परीक्षेत त्या तरुणाच्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच वर आल्या. शिफारसपत्रांपैकी एक निवृत्त मनोविकारतज्ज्ञांनी दिले. दुसरे थोरल्या सिस्टर द्यायला एका पायावर तयार होत्या; त्यांचे पत्र चालत नव्हते, म्हणून ते विभागातल्या एका डॉक्टरांकडून घ्यावे लागले. बाईंचे काम दाराच्या फटीतून का होईना, पाहिलेली व्यक्ती मात्र सिस्टर ही एकच होती.

ध्वनिमुद्रण मात्र राहिले होते. ते बाई पुढे ढकलत राहिल्या, आणि तत्त्वाचा प्रश्न आहे असे स्वतःला सांगत राहिल्या. माणूस एखादी गोष्ट भीतीपोटी टाळत असला की तिला तत्त्व म्हणतो, हे त्यांनी त्या खोलीत कित्येकांना समजावून सांगितले होते.

अखेर त्यांनी विचारले ते लिफ्टवाल्याला. हा गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करणारा कुशल कारागीर होता. एके दिवशी लिफ्टच्या दाराशी हत्यारांची पेटी ठेवून जो मागे फिरला, तो पुन्हा लिफ्टमध्ये शिरेना. छाती धडधडे, हातांना कंप सुटे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले होते : ‘बंद जागेची भीती. समुपदेशन करावे.’ बाईंनी श्वासाचे व्यायाम शिकवले होते, भीतीची पायरीपायरीने उतरंड करून दिली होती. तो आज्ञाधारकपणे सगळे करी, आणि लिफ्टच्या दाराशी जाऊन परत येई.

“तुमचं आमचं बोलणं यंत्रावर घेतलं तर चालेल का? शिकवणारे लोक ऐकतील. मी कसं काम करते ते बघायला. तुमचं नाव कुठे येणार नाही. नको असेल तर सरळ नाही म्हणा.”

लिफ्टवाला हसला. “माझं कोण ऐकायला बसणार हो बाई? घरी तर कुणी ऐकत नाही. लावा की यंत्र.” त्याने संमतीच्या कागदावर ठसठशीत सही केली.

मुलाखत नेहमीसारखी झाली. बाईंना ती चांगलीच वाटली. सुट्टीच्या दिवशी त्या कानांना हेडफोन लावून ती ऐकायला बसल्या. परीक्षण लिहायचे होते, म्हणून शेजारी कोरे कागद ठेवले होते. यजमानांना त्यांनी दुसऱ्या खोलीत जायला सांगितले, कारण दिलेल्या संमतीत ते बसत नव्हते.

पहिला धक्का आवाजाचा बसला. हा आवाज आपला? इतका घाईचा, इतका जाणता? मग दुसरा धक्का. लिफ्टवाला म्हणत होता, “म्हणजे बाई, त्या दिवशी मी वर चढलो तेव्हा भाऊ खाली—” आणि तो जाणता आवाज मध्येच पडला : “कळलं, कळलं. तेव्हा छाती कशी होत होती?” त्याने छातीचे सांगितले. थोड्या वेळाने पुन्हा, “भाऊ म्हणत होता की तू नको—” आणि पुन्हा, “कळलं. श्वास मोजलात का?” त्याने श्वासाचे सांगितले. मुलाखत संपता संपता तो तिसऱ्यांदा म्हणाला, “भावाचं काय झालं ना बाई,” आणि बाई मायेने, खरोखर मायेने म्हणाल्या, “कळलं मला. आता त्याचा विचार नाही करायचा. पुढच्या वेळी दुसरी पायरी.”

बाईंनी यंत्र बंद केले. त्याला भाऊ आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते.

काय कळले होते? एक अक्षर कळले नव्हते. समोरचा माणूस दार उघडू पाहत होता आणि त्या आपल्या पाटीसारख्या त्या दाराला अडकून बसल्या होत्या. त्यांनी पुन्हा ऐकले. मग आणखी एकदा. ‘कळलं, कळलं’ हे शब्द त्या केव्हापासून म्हणत होत्या? पहिल्या वर्षापासून? किती जणांना? मोजण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. त्याने काही साधणार नव्हते. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती कोणावर ओतावी ते कळेना, कारण खोलीत त्या एकट्याच होत्या. त्या खोलीतही आणि जिन्याखालच्या खोलीतही त्या नेहमी एकट्याच होत्या. कोणी एकाने जरी, केव्हातरी, शेजारी बसून म्हटले असते, “बाई, तुम्ही त्याला बोलू देत नाही आहात.” एक वाक्य. त्यासाठी पद होते, खोली होती, फिरती खुर्ची होती, दारावर खिळे होते.

यजमान दारात येऊन उभे राहिले. “काय झालं? चेहरा असा का?”

“चूक सापडली.”

“तुझी?”

“माझी. आणि छापून झाल्यावर. सगळ्या प्रती वाटून झाल्यावर.”

यजमानांनी यावर विनोद केला नाही. मुद्रितशोधकाला याहून भयंकर काही सांगता येत नाही.

पुढच्या भेटीत लिफ्टवाला आला तेव्हा बाईंनी श्वासाचे विचारले नाही. “तुम्ही भावाचं काहीतरी सांगत होतात,” त्या म्हणाल्या, आणि गप्प राहिल्या. त्यांच्या मते हे योग्य होते, कदाचित होतेही. तो बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिला.

“राहू द्या आता बाई. तेव्हा सांगणार होतो.”

एवढेच. राग नाही, तक्रार नाही. तो श्वासाचे व्यायाम करून, नमस्कार करून निघून गेला.

बाईंनी परीक्षण लिहिले. इतके कठोर, इतके नेमके त्यांनी आयुष्यात काही लिहिले नव्हते. कोठे अडवले, का अडवले, ठरलेली पद्धत पुढे रेटण्याच्या घाईत माणूस कसा मागे पडला, डॉक्टरांची चिठ्ठी वाचून निदान आधीच कसे मनात पक्के केले, आणि रुग्णाची किती हानी झाली ते आपल्याला आता कधीच कसे कळणार नाही. शेवटी त्यांनी लिहिले : ‘हे मला एकटीला दुरुस्त करता येणार नाही. म्हणून प्रवेश मागते आहे.’ मग सारे पाकिटात घालून, मोहोर लावून, विद्यापीठाच्या खिडकीत दिले.

उत्तर आले ते एका ओळीचे. ‘देखरेखीखालील अनुभवाच्या अभावी अर्ज अपात्र.’

बाईंनी रजा टाकली आणि तडक विभागप्रमुखांचे कार्यालय गाठले. विभागप्रमुखांना विद्यार्थी निकषसर म्हणत; त्यांना ते माहीत होते आणि मनातून आवडतही असावे. वयाने ते बाईंपेक्षा थोडे लहान. खोलीत पुस्तके होती, झाडाची कुंडी होती, आणि रुग्णासाठी असते तशी मऊ खुर्ची होती, जिच्यात बसले की गुडघे छातीपर्यंत येतात आणि माणूस आपोआप नम्र दिसतो. बाई उभ्याच राहिल्या.

“बसा ना मॅडम.”

“उभी बरी आहे. अनुभव नाही म्हणजे काय, ते सांगा. माझी सगळी नोकरी काय होती मग?”

“अनुभव नाही असं नाही म्हटलेलं. देखरेखीखालचा नाही. आमच्या निकषाप्रमाणे डॉक्टरेटधारक व्यक्तीनं तुमचं काम पाहिलेलं असावं लागतं.”

“आमच्याकडे ती व्यक्ती कधी आलीच नाही. तुमच्या विभागातून दरवर्षी डॉक्टर होऊन मुलं बाहेर पडतात. एकही आमच्या जिन्यापर्यंत आलेला नाही. मग माझ्यावर देखरेख कोणी करायची? भिंतीवरच्या खुंटीनं?”

“ती अडचण मी समजू शकतो.”

“समजू नका. सोडवा. देखरेखीखाली काम करायचं तर प्रवेश हवा. प्रवेश हवा तर देखरेखीखाली काम केलेलं हवं. हे लिहिताना तुमच्यापैकी कोणी एकदा मोठ्यानं वाचून पाहिलं का?”

निकषसरांनी चष्मा काढून पुसला. “मॅडम, नियम तुमच्याविरुद्ध केलेला नाही.”

“तेच तर! माझ्याविरुद्ध केला असता तर करताना निदान माझा विचार तरी केला असतात.”

यावर ते किंचित हसले, आणि मग गंभीर झाले. माणूस वाईट नव्हता. त्यामुळेच त्याच्यावर रागावणे अधिक कष्टाचे होते. “ही अट आम्ही का ठेवतो, ते सांगू? स्पष्ट बोललो तर चालेल?”

“बोला.”

“एकट्यानं काम करणारा माणूस तीच चूक वर्षानुवर्षं करत राहतो, आणि तिला अनुभव म्हणायला लागतो. त्याला कोणी थांबवत नाही. असे लोक आमच्याकडे आले की नव्यानं शिकायला तयार नसतात. त्यांना वाटतं त्यांना सगळं कळतं.”

बाईंचा आवाज एकदम खाली आला. ओरडण्यापेक्षा तो वाईट होता. “हे सगळं मला माहीत आहे, सर. मी लिहिलंय ते. याच शब्दांत नाही, पण याहून नागड्या शब्दांत. कोणाला अडवलं, कुठे अडवलं, त्याचं काय झालं. तुम्ही मागितलंत म्हणून मी ते यंत्र लावलं, आणि तुम्ही मागितलेली तेवढी एकच गोष्ट बरोबर होती. कुठे आहे ते पाकीट?”

निकषसरांनी कपाटाकडे पाहिले. पाकिटांचा गठ्ठा होता. बाईंचे पाकीट त्यांनी शोधून काढले. मोहोर जशीच्या तशी होती.

“पात्रतेची छाननी झाल्यावरच आम्ही—”

“ऐकलंच नाहीत.”

“पद्धतच तशी आहे, मॅडम. अपात्र अर्जांची—”

“तो माणूस मला विचारत होता, माझं कोण ऐकायला बसणार. मी त्याला सांगितलं, शिकवणारे लोक ऐकतील. मी त्याच्याशी खोटं बोलले. तुमच्यामुळे.” बाईंनी पाकीट ओढून घेतले. “मी तर त्याला निदान अर्ध्यावर तरी तोडलं. तुम्ही तोंडच उघडू दिलं नाहीत.”

बाहेर कोणीतरी खुर्च्या सरकवत होते. निकषसरांनी टेबलावरचे पेन उचलले, पुन्हा ठेवले.

“प्रवेश मी देऊ शकत नाही. यंदा तरी नाही. नियम बदलायचा तर परिषदेपुढे जावं लागेल. मी मांडीन, पण ते घोंगडं किती दिवस भिजत पडेल हे मी सांगू शकत नाही. एक गोष्ट माझ्या हातात आहे. दर आठवड्याला आमची एक बैठक असते. विद्यार्थी आपापली ध्वनिमुद्रणं ऐकवतात, आणि बाकीचे चुका काढतात. तुम्ही येऊन बसू शकता. तुमचंही ऐकवू शकता.”

“ते देखरेखीत धरलं जाईल?”

“नाही.” त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. “नोंदणी नसलेल्यांचं धरलं जात नाही.”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षानुवर्षे केले ते धरले नाही. आता करतील तेही धरणार नाहीत. म्हणजे या लोकांच्या लेखी त्या होत्या तरी कोठे? त्या तणतणत बाहेर पडल्या, आणि जिन्यावर उतरता उतरता त्यांच्या लक्षात आले की बैठकीचा वार त्यांनी विचारून घेतला आहे.

नव्या सत्राच्या आरंभी चाचणीबाई नोंदणी-खिडकीवर रुजू झाल्या. चादरींच्या खोलीत पुन्हा चादरी गेल्या. थोरल्या सिस्टरांनी दाराची पाटी काढून आणून बाईंच्या खिडकीशी ठेवली. “घ्या. इथे अडकवा. ‘दार ठोठावू नये.’ रांग निम्मी होईल.” बाई हसल्या नाहीत, पण पाटी त्यांनी टाकलीही नाही.

पहिल्या मजल्यावरच्या दाराला अखेर पितळी पाटी लागली. एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या, चांगल्या असतील. बाईंना त्यांचा राग येत होता, आणि तो अन्यायाचा आहे हेही कळत होते. एके सकाळी रांगेत टोपी दिसली. लिफ्टवाला खिडकीशी वाकून म्हणाला, “बाई! खोली बदलली वाटतं?”

“बदलली. आता वर नवीन मॅडम आहेत. जिन्यानं जा, पहिला मजला.” बाईंनी कागद पुढे केला आणि क्षणभर धरून ठेवला. “भावाचं त्यांना सांगा.”

“त्यांनी विचारलं तर,” तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “तुम्ही विचारलंत, ते लक्षात आहे माझ्या.” आणि मागच्या माणसाने खाकरून घाई केली म्हणून निघून गेला. हे सांत्वन होते की दोषारोप, याचा निवाडा बाईंना करता आला नाही.

बैठकीच्या दिवशी त्या वेळेआधी पोहोचल्या. लांबट खोली, मधे टेबल, भोवती वही-पेन घेतलेली तरुण मंडळी. बाई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. टेबलाशी त्यांना कोणी बोलावले नाही, आणि त्यांनीही बोलावण्याची वाट पाहिली नाही. निकषसरांनी बैठकीचा रिवाज सांगितला. आवाज चालू असताना कोणीही ‘थांबा’ म्हणू शकतो. थांबा म्हटले की यंत्र थांबते, आणि म्हणणाऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत ज्याचे ध्वनिमुद्रण आहे त्याने तोंड उघडायचे नाही. खुलासा नाही, समर्थन नाही.

“आज या मॅडमचं ऐकू या,” ते म्हणाले.

संमतीचा कागद आधी सगळ्यांना दाखवण्यात आला. मग यंत्र चालू झाले. बाई ताठ बसल्या. लिफ्टवाल्याचा आवाज खोलीत भरला, आणि टेबलाभोवतीचे लोक, बाईंनी कबूल केल्याप्रमाणे, खरोखर ऐकू लागले. कोणी पेन चाळवत नव्हते. ‘भाऊ खाली—’ आला. ‘कळलं, कळलं’ आले.

“थांबा,” एक मुलगी म्हणाली. लेकीपेक्षाही लहान असावी. बोलताना तिचे कान लाल झाले होते. “इथे तो काहीतरी सांगायला लागला होता, आणि मला वाटतं, मॅडमनी त्याला—”

“कळलं,” बाई म्हणाल्या.

यंत्र बंद होते. हे ‘कळलं’ त्यातून आलेले नव्हते. मुलीने निकषसरांकडे पाहिले. निकषसरांनी कोणाकडेच पाहिले नाही. बाईंना राग होता, या पोरीचा, त्या निकषसरांचा, त्या हिशेबात न धरल्या जाणाऱ्या खुर्चीचा, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी असलेला तो जाणता, घाईचा आवाज त्यांना आता यंत्राविना ऐकू येत होता. मांडीवरच्या पिशवीचे बंद त्यांनी घट्ट धरले.

“चुकले,” त्या म्हणाल्या. त्यांचा स्वर अजिबात मऊ नव्हता. “तुझं वाक्य पुरं कर. मी मध्ये बोलणार नाही.”

मुलीने वाक्य पुरे केले. ते लांब होते, त्यात एक-दोन गोष्टी बाईंना मुळीच पटल्या नाहीत, आणि त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले.